पेन टॅबलेटवर रेषा मरते, थरथरते नाहीतर भलतीकडेच उमटते? हे क्रमाने तपासून बघा

आधी लक्षणं. यातलं काय होतंय ते बघा:

- पेन हलकं टेकवा नाहीतर जोर लावा, रेषा तेवढ्याच जाडीची येते, टोकाला निमुळती होतच नाही
- रेषेच्या सुरुवातीला टिंब पडतं किंवा पेनच्या टोकाशी एक छोटं वर्तुळ फिरतं आणि मग उशिरा रेषा सुरू होते, शेडिंगचे बारीक फटकारे तर उमटतच नाहीत
- गोल काढला की अंडाकृती होतो, आडवी रेषा तिरकी जाते
- पेन एकीकडे, कर्सर दुसरीकडे
- हळूहळू काढलेली तिरकी रेषा नागमोडी येते
- पेन अजून टेकवलेलं नाही, वर हवेतच आहे, तरी रेषा ओढली जाते
- रेषा हाताच्या मागून रखडत येते
- काहीच उमटत नाही

कागदावर वर्षानुवर्षं काम केलेली माणसं डिजिटलकडे आली की यातलं एक-दोन तरी हमखास घडतं, आणि मग ती म्हणतात की माझा हात डिजिटलला बसत नाही. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण हेच बिघाड मी पुन्हा पुन्हा काढून दिलेत आणि बहुतेक वेळा हात अगदी व्यवस्थित असतो, रेषा वाटेत कुठेतरी अडलेली असते. वाट म्हणजे काय तर पेन दाब मोजतं, टॅबलेट तो कॉम्प्युटरला कळवतो, ड्रायव्हर (कॉम्प्युटरला टॅबलेट ओळखता यावा म्हणून टाकतात तो प्रोग्रॅम) तो समजून घेतो, ऑपरेटिंग सिस्टिम पुढे पाठवते, सॉफ्टवेअर घेतं आणि सगळ्यात शेवटी ब्रश ठरवतो की या दाबाचं करायचं काय. एवढ्या टप्प्यांपैकी एकाने जरी दाब पुढे दिला नाही तरी पडद्यावर मेलेली रेषा दिसते, आणि दोष कुठल्या टप्प्यात आहे ते नुसतं रेषेकडे बघून कळत नाही. म्हणून क्रमाने जायचं.

क्रम फुकटच्या आणि दोन मिनिटांच्या गोष्टींपासून वर जातो. बरेच जण उलटं करतात, पहिल्याच झटक्यात ड्रायव्हर उडवतात, दोन तास त्यात घालवतात आणि नंतर कळतं की ब्रशच दाब न घेणारा होता. आणखी एक, एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन सेटिंग एकदम बदलली आणि रेषा सुधारली तर कशाने सुधारली ते कळत नाही, पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरुवात.

चाचणीचं पान

काहीही तपासण्याआधी एक नवीन रिकामा कॅनव्हास उघडा, ए४ आकार, ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला ३०० ठिपके), एकच लेयर (चित्राचा थर). त्यावर दर वेळी त्याच तीन गोष्टी काढायच्या: हलक्यापासून सुरू होऊन मधे जाड आणि परत हलकी होणारी एक लांब रेषा, एक मोठा गोल, आणि अगदी सावकाश काढलेली एक तिरकी रेषा. पहिली दाब दाखवते, दुसरी मॅपिंग (टॅबलेटचा कुठला भाग पडद्यावर कुठे पडतो ते), तिसरी थरथर. चालू चित्रावर तपासत बसू नका, त्यात आधीच चाळीस लेयर, मास्क (लेयरचा काही भाग झाकणारं आवरण) आणि सिलेक्शन (निवडलेला भाग) असतात आणि दोष नेमका त्यातलाच असू शकतो.

१. तुमच्या पेनला दाब कळतो तरी का?

हे सगळ्यात आधी, कारण उत्तर नाही असेल तर पुढचं सगळं वाया. रबरी टोकाची किंवा पारदर्शक चकती असलेली पेनं, जी कुठल्याही फोनवर चालतात, ती पडद्याला फक्त बोट असल्याचं भासवतात, त्यांना दाब कळत नाही आणि कुठल्याही सेटिंगने कळणार नाही. ॲपल पेन्सिलमध्ये पण फरक आहे बरं का: पहिल्या आणि दुसऱ्या पिढीची आणि प्रो, या तिघींना दाब कळतो, पण २०२३ मध्ये आलेल्या यूएसबी-सीवाल्या पेन्सिलला कळत नाही. तिला कल कळतो, म्हणजे पेन्सिल आडवी धरून शेडिंग करता येतं, पण दाबून रेषा जाड होत नाही. हे माहीत नसताना ती घेतलेली माणसं आठवडेच्या आठवडे प्रोक्रिएटच्या (आयपॅडवरचं चित्राचं ॲप) सेटिंगमध्ये डोकं घालून बसतात.

पेन तसलं असेल तर जाडी ब्रशच्या साइजने हाताने बदलायची, किंवा रेषेच्या वेगावर जाडी बदलणारे ब्रश वापरायचे. काम होतं, पण पेन्सिलच्या हाताला ते समाधान देत नाही, त्यामुळे शक्य असेल तेव्हा दाब ओळखणारं पेन घ्याच.

२. ब्रश, लेयर, सिलेक्शन

काहीच उमटत नसेल तर आधी इथे बघा. लेयर लॉक आहे का, डोळ्याचं चिन्ह बंद आहे का, ओपॅसिटी म्हणजे अपारदर्शकता शून्यावर गेलीय का. कुठेतरी बारीकसं सिलेक्शन राहून गेलेलं असतं आणि सॉफ्टवेअर फक्त त्याच्या आतच रंगवू देतं, बाहेर कितीही घासा. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-डी, क्रिटामध्ये (हे पण चित्र काढायचं सॉफ्टवेअर) कंट्रोल-शिफ्ट-ए दाबलं की सिलेक्शन जातं. क्रिटामध्ये ई हे अक्षर चुकून दाबलं गेलं की चालू ब्रश खोडरबर होतो, दिसायला ब्रश तोच आणि रिकाम्या लेयरवर खोडणार काय, म्हणून कोरं. नवीन माणसाचा हा दोष माझ्या बघण्यात फार वेळा आलाय.

आता जाडी. प्रत्येक ब्रश दाब घेतोच असं नाही, काही ब्रश मुद्दाम एकसारख्या जाडीचे बनवलेले असतात. क्रिटामध्ये वरच्या पट्टीवर पेनचा दाब चालू-बंद करायचं एक बटण आहे, ते चुकून बंद होतं. ते चालू असूनही जाडी बदलत नसेल तर एफ५ ने ब्रश एडिटर उघडा, साइज वर जा आणि प्रेशरवर टिक आहे का बघा. फोटोशॉपमध्ये पण एफ५ च, तिथे शेप डायनॅमिक्समध्ये साइज जिटरखाली कंट्रोल असतो, तो पेन प्रेशरवर पाहिजे. तिथे बाजूला छोटं त्रिकोणी इशाऱ्याचं चिन्ह दिसत असेल तर थांबा, त्याचा अर्थ फोटोशॉपला तुमचं पेन दिसतच नाहीये, म्हणजे दोष ब्रशच्या मागे कुठेतरी आहे आणि ब्रश खेळवून उपयोग नाही.

सगळ्यात पटकन कळायचं असेल तर सॉफ्टवेअरबरोबर आलेला एखादा साधा इंकिंगचा (शाईसारख्या रेषेचा) किंवा पेन्सिलचा ब्रश घ्या आणि चाचणीच्या पानावर काढा. इकडून तिकडून उतरवलेले ब्रश सध्या बाजूला.

३. टॅबलेट टेबलावर कसा ठेवलाय

आडवी रेषा तिरकी जात असेल तर निम्म्या वेळा उत्तर इथेच असतं. कागद आपण सवयीने तिरका ठेवतो, उजव्या हाताचा माणूस थोडा डावीकडे वळवतो, आणि कागदावर ते बरोबरच आहे कारण रेषा आणि कागद एकत्र फिरतात. पण पडदा नसलेला टॅबलेट तिरका ठेवला तर समोरचा पडदा सरळच राहतो, मग तुमच्या हाताला आडवी वाटणारी रेषा पडद्यावर चढते किंवा उतरते. टॅबलेट पडद्याला समांतर ठेवा, मधोमध, कीबोर्ड बाजूला सारा.

आणि कागद फिरवायची सवय अजिबात सोडू नका, ती चांगली सवय आहे, फक्त टॅबलेटऐवजी कॅनव्हास फिरवा. क्रिटामध्ये ४ आणि ६ ने फिरतो, ५ ने सरळ होतो, फोटोशॉपमध्ये आर धरून, प्रोक्रिएटमध्ये दोन बोटांनी. मनगटाला जी वळणं सोपी जातात त्याच दिशेत रेषा मारता येते, आणि नव्वद टक्के लोकांना हे बटण कोणी दाखवलेलंच नसतं म्हणून ते वाकड्या मनगटाने धडपडत राहतात.

४. केबल आणि रीस्टार्ट

टॅबलेट हबमध्ये लावला असेल तर काढून थेट कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये लावा. टॅबलेटबरोबर आलेलीच केबल वापरा, कारण काही यूएसबी केबल फक्त चार्जिंगपुरत्या असतात, टॅबलेटचा दिवा लागतो पण माहिती जातच नाही. आधी टॅबलेट जोडायचा मग सॉफ्टवेअर उघडायचं, काही प्रोग्रॅम सुरू होतानाच पेन शोधतात आणि नंतर जोडलेलं त्यांना दिसत नाही.

मग रीस्टार्ट. विंडोजमध्ये शटडाउन करून परत चालू करणं हे पुरेसं नसतं, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर सिस्टिमचा गाभा तसाच साठवून ठेवलेला असतो आणि अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच परत येतो. रीस्टार्टच निवडा.

५. निब

निब म्हणजे पेनचं बदलता येणारं टोक. ती बोटात धरून उजेडात बघा. नवीन निबचं टोक गोल गुळगुळीत असतं. घासलेल्या निबला एका बाजूला चपटा उतार पडलेला दिसतो आणि त्या उताराला एक धारदार कड येते, नखावर फिरवली तर बोचते. अशी निब टॅबलेटला ओरखडते आणि एकाच दिशेला सरळ सरकते, बाकी दिशांना अडखळते. चारकोल आणि कडक पेन्सिलवाल्यांच्या हाताखाली निब लवकर झिजते कारण त्यांना दाब देऊन काम करायची सवय असते. खरबरीत पृष्ठभाग असेल तर आणखीनच लवकर. बदला, बहुतेक टॅबलेटबरोबर जादा निब आणि ती उपटायची छोटी रिंग दिलेली असते.

पेन हवेत असताना रेषा येत असेल तर निब काढा, आत धूळ-बीळ असेल तर पेन उलटं धरून हलकं झटका, निब परत सरळ घाला. निब तिरकी बसली की आतला दाब मोजणारा भाग कायम दाबलेला राहतो आणि टॅबलेटला वाटतं पेन टेकलंय. ॲपल पेन्सिलचं टोक आट्यांचं असतं, ते सैल झालं की मधेच रेषा तुटतात, बोटाने घट्ट फिरवून घ्या, पक्कड लावू नका.

६. टेस्टर: इथे वाट फुटते

ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची. आतापर्यंतच्या गोष्टी करून दोष गेला नसेल तर आता ठरवायचं की दोष चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे की त्याच्या अलीकडे.

टॅबलेटच्या स्वतःच्या ड्रायव्हर पॅनेलमध्ये पेनच्या पानावर बहुतेक वेळा दाब दाखवणारी पट्टी किंवा काढून बघायची चौकट असते. तिथे पेन हळूहळू दाबा. पट्टी सावकाश चढते आणि सावकाश उतरते का? चढत असेल तर पेन, टॅबलेट, केबल, ड्रायव्हर सगळं ठीक आहे, दोष पुढे आहे, क्रमांक ७ वर जा. पट्टी हलतच नसेल, किंवा एकदम शून्यावरून टोकाला उडी मारत असेल, तर सॉफ्टवेअरला हात लावू नका, दोष अलीकडे आहे आणि तुम्हाला ड्रायव्हरच्या भागाकडे जायचंय, क्रमांक ११.

क्रिटामध्ये आणखी एक सोय आहे: सेटिंग्जमध्ये कॉन्फिगर क्रिटा, त्यात टॅबलेट सेटिंग्ज, तिथे टॅबलेट टेस्टर. पेन फिरवलं की दाबाचे आकडे सरकताना दिसतात. क्रिटा फुकट आहे, त्यामुळे तुम्ही दुसरं सॉफ्टवेअर वापरत असलात तरी नुसतं तपासायला म्हणून उतरवून घ्या. क्रिटात दाब येतोय आणि तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही, म्हणजे हार्डवेअर निर्दोष.

७. विंडोज इंक आणि विनटॅबची गफलत

एकाच जाडीच्या रेषेचं सगळ्यात मोठं कारण हे. विंडोजवर पेनचा दाब सॉफ्टवेअरपर्यंत पोचायचे दोन रस्ते आहेत, जुना विनटॅब आणि नवा विंडोज इंक. ड्रायव्हर एका रस्त्याने दाब पाठवतोय आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या रस्त्यावर वाट बघतंय, असं झालं की कर्सर हलतो, रेषा येते, पण दाब हरवतो. म्हणून माणूस गोंधळतो, कारण अर्धं चालतंय.

दोन्हीकडे एकच रस्ता निवडायचा, एवढंच. ड्रायव्हरमध्ये विंडोज इंक वापरा अशी टिक असते. क्रिटामध्ये त्याच टॅबलेट सेटिंग्जमध्ये विनटॅब की विंडोजचं पॉइंटर इनपुट असा पर्याय असतो, बदलल्यावर क्रिटा बंद करून उघडावं लागतं. क्लिप स्टुडिओ पेंटमध्ये फाइल मेनूतल्या प्रेफरन्सेसमध्ये टॅबलेटवर विनटॅब आणि टॅबलेट पीसी असे दोन पर्याय. फोटोशॉप मुळात विंडोज इंकची वाट बघतं, त्यामुळे कुणाचा सल्ला ऐकून ड्रायव्हरमधली टिक काढलीत तर फोटोशॉपचा दाब गेलाच समजा. दोन-तीन सॉफ्टवेअर वापरत असाल तर सगळी विंडोज इंकवर ठेवून बघा आधी, ते जमलं नाही तरच विनटॅब.

मॅकवर हा घोळ नाही, तिथे परवानग्यांचा असतो. सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी उघडा, ॲक्सेसिबिलिटी आणि इनपुट मॉनिटरिंग या दोन्ही ठिकाणी टॅबलेटच्या ड्रायव्हरला परवानगी पाहिजे. अपडेटनंतर टिक दिसते पण चालत नाही असं पण होतं, तेव्हा ती नोंद यादीतून काढून परत घाला आणि मॅक रीस्टार्ट करा.

८. सुरुवातीचं टिंब आणि फिरणारं वर्तुळ

विंडोजला वाटतं तुम्ही पेन दाबून ठेवून राइट क्लिक करताय, म्हणून ते क्षणभर थांबून बघतं, आणि तेवढ्यात तुमचा फटकारा अर्धा निघून गेलेला असतो. हॅचिंग, म्हणजे बारीक समांतर रेषांचं शेडिंग, करणाऱ्याला याचा जाच सगळ्यात जास्त, कारण त्याचे फटकारे छोटे आणि भराभर. कंट्रोल पॅनेलमध्ये पेन अँड टच उघडा, प्रेस अँड होल्ड वर सेटिंग्जमध्ये जाऊन राइट क्लिकची टिक काढा. बस.

९. गोलाचा अंडाकृती, कर्सर भलतीकडे

टॅबलेटचा आकार आणि पडद्याचा आकार यांचं प्रमाण वेगळं असलं की ड्रायव्हर एका बाजूने ताणतो. ड्रायव्हरच्या मॅपिंगमध्ये प्रमाण कायम ठेवायचा पर्याय असतो, तो चालू करा, टॅबलेटची थोडी पट्टी वाया जाते पण गोल गोल येतो. दोन पडदे जोडलेले असतील तर टॅबलेट दोन्हींवर पसरला जातो आणि रेषा आडव्या ताणल्या जातात, मॅपिंगमध्ये एकच पडदा निवडा.

पेन उचलून दुसरीकडे टेकवलं तरी कर्सर जागचा हलत नसेल तर पेन माउस मोडमध्ये गेलंय, पेन मोड करा. डिस्प्ले टॅबलेटवर, म्हणजे ज्यात थेट पडद्यावरच काढायचं असतं त्यात, टोक आणि कर्सर यात अंतर असेल तर ड्रायव्हरमधून कॅलिब्रेशन करा, आणि ते करताना नेहमी बसता तसंच बसा, कारण काचेच्या जाडीमुळे डोक्याची जागा बदलली की अंतर बदलतं.

१०. दाब येतो, पण हातासारखा येत नाही

इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण कागदावरून आलेल्या माणसाचं खरं दुखणं बऱ्याचदा हे असतं आणि त्याला कोणी बिघाड म्हणतच नाही. टेस्टर ठीक, ब्रश ठीक, तरी रेषा एकतर लगेच जाड होते नाहीतर कितीही दाबलं तरी बारीकच. टॅबलेटवर दाबाच्या ४०९६ किंवा ८१९२ पातळ्या लिहिलेल्या असतात त्याने यात काही फरक पडत नाही, फरक पडतो तो प्रेशर कर्व्हने, म्हणजे तुमच्या किती दाबाला सॉफ्टवेअरने किती दाब समजायचं त्या वक्ररेषेने. कारखान्यातून ती सरासरी हातासाठी येते.

ब्रशने आणि बोरूने काम केलेला हात हलका असतो, तो टॅबलेटच्या पूर्ण दाबापर्यंत कधी जातच नाही, त्याला रेषा कायम फिकी आणि बारीक मिळते आणि मग तो मुद्दाम दाबायला लागतो. अशा हाताला कर्व्ह मऊ करा, म्हणजे मधला बिंदू वर उचला. चारकोल, कडक पेन्सिल, लिनोचे ठसे कोरणाऱ्यांचा हात जड असतो, त्यांची रेषा टेकताक्षणी पूर्ण जाड होते, त्यांनी मधला बिंदू खाली ओढायचा. क्रिटामध्ये हे टॅबलेट सेटिंग्जमध्येच आहे, क्लिप स्टुडिओमध्ये फाइल मेनूत पेन प्रेशर सेटिंग्ज, प्रोक्रिएटमध्ये प्रेफरन्सेसमध्ये प्रेशर अँड स्मूदिंग. ड्रायव्हरमध्ये पण टोकाच्या मऊ-कडकपणाची पट्टी असते, पण दोन्हीकडे एकदम बदलू नका, एक मधे ठेवा आणि दुसरी लावा.

लावायची पद्धत अशी: दहा मिनिटं नेहमीसारखं स्केच करा, कर्व्हचा विचारच करू नका, हात गरम झाला की चाचणीची लांब रेषा काढा आणि तेव्हा कर्व्ह बदला. थंड हाताने लावलेली कर्व्ह दुसऱ्या दिवशी परकी वाटते.

थरथरीबद्दल. रेषा नागमोडी येते तेव्हा माणूस लगेच स्वतःच्या हाताला दोष देतो. एक पट्टी घ्या, लोखंडी नको, लाकडी किंवा प्लास्टिकची, टॅबलेटवर तिरकी ठेवा आणि तिच्या कडेने पेन अगदी सावकाश ओढा. पट्टीला टेकलेलं पेन नागमोडी जाऊच शकत नाही. तरी पडद्यावर रेषा लाटा घेत असेल तर हात सुटला, दोष यंत्राचा. मग टॅबलेटजवळचा फोन, चार्जर, स्पीकर लांब करा, लोखंडी टेबलावर असेल तर लाकडावर ठेवा, लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, कारण पेनची जागा टॅबलेट चुंबकीय क्षेत्रावरून ओळखतो आणि आसपासचं विद्युत त्यात लुडबुड करतं. काही टॅबलेटमध्ये थोडी थरथर जन्मजातच असते, तिथे सॉफ्टवेअरचं स्टॅबिलायझर किंवा स्मूदिंग (रेषा गुळगुळीत करणारी सोय) थोडं वाढवायचं. थोडंच. जास्त वाढवलं की रेषा हाताच्या मागून ओढल्यासारखी येते आणि तुमच्या रेषेतला तुमचा हातच निघून जातो, जो कमवायला तुम्हाला इतकी वर्षं लागली. पट्टीने रेषा सरळ आली तर यंत्र बरंय, मग बहुतेक तुम्ही मनगटाने काढताय, कॅनव्हासचं झूम बदला आणि कोपरातून रेषा मारा, जशी मोठ्या कागदावर मारता.

रेषा हाताच्या मागून रखडत येत असेल आणि स्टॅबिलायझर कमीच असेल तर कॅनव्हासचं गणित बघा. ए४ ३०० डीपीआयला २४८० गुणिले ३५०८, म्हणजे साधारण ८७ लाख पिक्सेल. दर रंगाला आठ बिट धरले तर एका पूर्ण भरलेल्या लेयरला सुमारे ३५ एमबी. तोच ए४ ६०० डीपीआयला केलात तर दुप्पट नाही, चौपट, १४० एमबीच्या घरात, आणि सोळा बिट केलात तर त्याच्या दुप्पट. छपाईची माहिती असलेली माणसं सवयीने ६०० लावतात. रंगीत चित्राला ३०० पुरतं, ६०० फक्त काळ्यापांढऱ्या लाइन आर्टसाठी ठेवा.

११. ड्रायव्हर साफ करून परत टाकणं

हे शेवटी, आणि नीट करायचं असेल तरच. टेस्टरमध्येच दाब येत नसेल तेव्हा हे करायचं. पूर्वी दुसऱ्या कंपनीचा टॅबलेट वापरलेला असेल तर संशय इथेच घ्या, दोन कंपन्यांचे ड्रायव्हर एकाच मशीनवर राहिले की विनटॅबच्या एकाच फाइलवरून भांडतात आणि दाब दोघांचाही जातो.

ड्रायव्हरमधली तुमची सेटिंग्ज, बटणांची नेमणूक, कर्व्ह, सगळ्याचा फोटो काढून ठेवा. टॅबलेटची केबल काढा. सगळ्या कंपन्यांचे सगळे टॅबलेट ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा. रीस्टार्ट. कंपनीच्या अधिकृत साइटवरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या, ड्रायव्हर शोधून देणारी भलतीसलती सॉफ्टवेअर नको. इन्स्टॉल करा, परत रीस्टार्ट, मग केबल लावा आणि आधी टेस्टर बघा, चित्राचं सॉफ्टवेअर नंतर. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर दोष सुरू झाला असेल तर याने बहुधा जातो.

इथे थांबा

टॅबलेट दुसऱ्या कॉम्प्युटरला, दुसऱ्या केबलने लावूनही टेस्टरमध्ये दाब नाही, किंवा निब काढून घातल्यावरही हवेत रेषा येतेच, तर पेनचा आतला भाग गेलाय. पेन उघडू नका, आतली जुळणी फार नाजूक असते, उघडलेलं पेन परत तसं बसत नाही आणि वॉरंटी पण जाते. जमलं तर त्याच मॉडेलचं कुणाचं पेन मागून लावून बघा, त्याने चाललं तर टॅबलेट वाचला, नुसतं पेन घ्यावं लागेल. पडद्याच्या एकाच पट्ट्यात रेषा तुटत असेल, पोर्ट हलवल्यावर टॅबलेट चालू-बंद होत असेल, डिस्प्ले टॅबलेटची काच तडकली असेल, तर सर्व्हिस सेंटर. आणि बॅटरीवाला टॅबलेट किंवा आयपॅड मधे फुगलेला वाटला, टेबलावर डुगडुगायला लागला, तर त्याच क्षणी बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते, ती जाणकाराकडेच द्यायची.

हाताचं पण तेच. दाब येत नाही म्हणून आठवडाभर जोर लावून काढलंत आणि आता अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय, बोटांना मुंग्या येतायत, रात्री हात बधिर होतो, तर कर्व्ह नंतर लावा, आधी काम थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. सेटिंग दुरुस्त झालं म्हणून दुखणं आपोआप जात नाही.

सर्व्हिसवाल्याकडे जाताना या गोष्टी लिहून न्या: टॅबलेटचं आणि पेनचं मॉडेल, ड्रायव्हरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, दोष कधीपासून आणि त्याआधी काय बदललं होतं, टेस्टरमध्ये दाब येतो की नाही, दुसऱ्या मशीनवर काय झालं. थरथर असेल तर पट्टीच्या कडेने काढलेल्या रेषेचा फोनवर व्हिडिओ काढा, हात, पट्टी आणि पडदा एकाच वेळी दिसतील असा. तो व्हिडिओ दाखवलात की तुमचा हातच हलत असेल असं म्हणायला कुणाला जागा राहत नाही आणि थेट टॅबलेट उघडून तपासला जातो.